आईक रं वरच्या!

बोलायच्या आधी तो उजव्या हाताचा अंगठा मुठीत धरायचा. घट्ट. मग हनुवटी थोडी वर उचलायचा आणि शब्दाची वाट बघत उभा राहायचा. शब्द यायचा त्याच्याच तोंडातून, पण परगावच्या पाहुण्याची बघावी तशी तो त्याची वाट बघायचा. कधी पाहुणा यायचा, कधी अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचा. आणि बहुतेक वेळा पाहुणा पोचायच्या आत समोरचा माणूस कंटाळून निघून गेलेला असायचा.

त्या निघून जाणाऱ्या माणसांत माझा नंबर पहिला.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्या अक्षरानं ते सुरू व्हायचं त्याच अक्षराशी त्याचं सगळ्यात मोठं वैर होतं. स्वतःचं नाव सांगताना त्याच्या कपाळाला घाम यायचा. ते मी आयतं एका फटक्यात लिहून टाकावं, हे बरं दिसत नाही.

लढाईचे दिवस होते. मी सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं दिवाणजी म्हणून लागलो होतो. दिवाणजी म्हटल्यावर तुमच्यासमोर पगडी आणि पोट असलेला कुणी भारदस्त गृहस्थ आला असेल, तर तो पुसून टाका. मी वीस वर्षांचा, दुसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा पोरगा होतो. साताऱ्याला शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला तिसरं बक्षीस मिळालं होतं. हे मी सांगलीत येईल त्याला सांगत असे. स्पर्धक तीनच होते, हे मात्र सांगत नसे.

आमचे मालक आप्पा. जैन समाजातले, शांत, पांढऱ्या टोपीचे. आवाज कधी चढायचा नाही आणि कुठलीही वस्तू वाया गेलेली त्यांना खपायची नाही. त्यांची हळद हरिपूरच्या पेवांत असायची. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून बघाल तर नुसती मोकळी जागा, खाली मात्र जमिनीच्या पोटात हळद. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखा घेर आणि खोली म्हणाल तर चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी. आतून सारवून, उसाचं पाचट लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही, कारण आत किडीला श्वास घ्यायला हवाच नसते.

अडचण एवढीच, की माणसालाही नसते. म्हणून पेव उघडलं की ते बराच वेळ तसंच मोकळं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. हळदीवर टेकेपर्यंत कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा. आणि उतरलेल्या माणसानं गप्प बसायचं नाही. काय वाटेल ते बोलावं, पण सारखं बोलत राहावं. वर एक माणूस नुसता कान देऊन बसलेला असायचा. आवाज थांबला की त्यानं दोर ओढायचा.

पहिल्या दिवशी हे मला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलंही असेल, तेव्हा मी माझ्या नव्या कोटाची बटणं बघत असेन. म्हातारा मुकादम "जरा ऐकत बसा, दिवाणजी" म्हणून पाणी प्यायला गेला. मी पेवाच्या तोंडाशी बसलो. खालून मोठमोठ्यानं बोलणं येत होतं.

"आईक रं वरच्या! आता डाव्या अंगाला हाय मी. हळद लय तापलीया, भाकरी ठिवली तर फुगंल. आप्पा म्हनत्यात पोतं गच्च भर. गच्च भर म्हन्जे? तुमीच या की खाली, टोपी काढून!"

मालकाविषयी, त्यातही त्यांच्या टोपीविषयी, असं बोलणं कानावर पडल्यावर सभ्य माणसानं काय करावं? मी उठलो आणि तीस पावलांवरच्या लिंबाखाली जाऊन बसलो.

मुकादम परतला तो धावतच. "आवं, हितं काय करताय? आवाज कोन ऐकतंय?"

"छे छे," मी ताठ मानेनं म्हणालो, "दुसऱ्यांचं खासगी बोलणं चोरून ऐकायची सवय नाही मला."

मुकादमानं माझ्याकडं जसं बघितलं, तसं पुढं आयुष्यात माझ्याकडं फक्त माझ्या सासऱ्यांनी बघितलं आहे.

थोड्या वेळानं खालचा माणूस वर आला. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, फक्त डोळे तेवढे माणसाचे. मी दुसऱ्या माणसाची वाट बघत राहिलो, कारण माझ्या मते खाली दोघं जण होते. एक भांडत होता आणि एक ऐकून घेत होता. दुसरा कुणी आलाच नाही. मी विचारलं, "तो बोलणारा कुठं आहे?"

पिवळ्या माणसानं अंगठा मुठीत धरला. हनुवटी उचलली. ओठ हलले, मान हलली, गळ्याची शीर ताठ झाली. शब्द काही येईना. शेवटी त्यानं बोट स्वतःच्या छातीला लावलं.

तेव्हापासून मला त्या माणसाचं वेडच लागलं म्हणा ना. जमिनीवर ज्याला 'हो' म्हणायला घाम फुटतो, तो जमिनीखाली कीर्तनकारासारखा बोलतो कसा? मी मुद्दाम ऐकायची पाळी मागून घ्यायला लागलो. खाली तो काय काय बोलायचा! बैलाशी भांडण, बायकोची समजूत, सांगलीच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या नकला. अधूनमधून माझी आठवणही निघायची. "आईक रं वरच्या! कोन हाय वर, दिवाणजी? जागं हायसा न्हवं? चष्मा खाली पडला तर मी हुडकणार न्हाई, सांगून ठिवतो." मी वर बसून खो खो हसायचो. तो वर आला की पुन्हा मुका.

एक दिवस मला राहवेना. मी पेवात तोंड घालून ओरडलो, "खाली तुला अडत कसं नाही रे?"

खालचा आवाज थांबला.

मी वाट बघितली. आवाज नाही. आणखी थोडी बघितली. मग मी अशी काही बोंब ठोकली, की शेजारच्या मळ्यातली माणसंसुद्धा पळत आली. सहा जणांनी मिळून दोर ओढला. तो दाणकन वर आला, कोपर सोलून. चांगला धडधाकट होता. रागानं लाल झाला असावा, पण हळदीमुळं कळलं नाही.

तो विचार करत होता. मी प्रश्न विचारला होता ना, त्याचं उत्तर शोधत होता बिचारा.

उत्तर त्यानं चार दिवसांनी दिलं, जमिनीवर, दुपारची भाकरी खाऊन हात धुताना. अंगठा मुठीत धरून, एकेका शब्दाला दम घेत. "खाली... माज्या तोंडाकडं... कोन बगत न्हाई."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याच्याशी काय करतो हेही तुम्हाला ठाऊक असेल. आपण त्याचं वाक्य पुरं करतो. त्यात आपल्याला फार दयाळू वाटतं. मी तर यात पटाईत होतो. त्यानं तोंड उघडलं, की मी त्याच्या वतीनं बोलून मोकळा व्हायचो. तो म्हणायचा एक, मी समजायचो दुसरं. त्याला टोपली हवी असली तर मी पाण्याचा तांब्या आणून द्यायचो. तो मुकाट्यानं तांब्याभर पाणी प्यायचा आणि टोपलीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

त्याच साली म्हाताऱ्या मुकादमाची दृष्टी गेली आणि तो घरी बसला. टोळीला नवा मुकादम हवा होता. बोटांत हळद मोडून, तिचा आवाज ऐकून ती किती वाळली हे सांगणारा, मातीच्या वासावरून पेवाला ओल लागली का ओळखणारा असा एकच गडी होता. आप्पांनाही ते कळत होतं. पण ते म्हणाले, "काम ह्याच्याएवढं कुणाला येत न्हाई. पर मुकादमाला तोंड लागतं. हुकूम सोडाय लागतो, गाडीवाल्याशी वाद घालाय लागतो. हंगाम संपस्तवर बघू या. न्हाई जमलं, तर भायरचा मानूस आनू."

त्याला ते काम हवं होतं. किती हवं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर येऊन बसला होता. बऱ्याच वेळानं त्याच्या तोंडून तीन शब्द निघाले. "मला... बोलाय... शिकवा."

आता बघा, वक्तृत्वात तिसरं बक्षीस मिळवलेल्या माणसाला असं कुणी म्हटल्यावर त्याचं काय होणार? मी लगेच गुरू झालो. तोंडात चिंचोका धरून बोललं की जीभ सैल होते, असं मी कुठंसं ऐकलं होतं. मी दोन चिंचोके तोंडात टाकले, छातीवर हात ठेवला आणि "बंधुभगिनींनो" असं दणक्यात म्हणालो. 'भगिनी' बाहेर आल्या, चिंचोके आत गेले. मी ठसकायला लागलो. त्यानं माझ्या पाठीत असा एक गुद्दा घातला, की त्याची खूण पुढं आठवडाभर कोट घालताना जाणवायची. आणि मग तो हसला. मोठ्यानं, खळखळून, कुठंही न अडता.

माझा क्लास तिथंच संपला. त्याचा मात्र सुरूच राहिला. सकाळी मी नदीवर जायचो तेव्हा तो घाटाच्या पलीकडं पाण्याकडं तोंड करून उभा असायचा. "उतरा." "दोर सोडा." "थांबा." हे तीन हुकूम. एकेका हुकुमासाठी तो जणू अख्खं पेव खांद्यावरून उपसायचा. दोन महिने रोज. थंडी असो, ताप असो. मी झुडपाआडून ऐकायचो. खरं सांगतो, दोन महिन्यांत बोलण्यात काडीचा फरक पडला नाही. फरक एकच पडला. आधी शब्द अडला की तो मान खाली घालून निघून जायचा. आता अडलेल्या शब्दापाशी उभा राहायला लागला.

इकडं मीही दुकानाची प्रगती करत होतो. लढाईमुळं चांगला दोर मिळत नव्हता. आम्ही दोन पेवं एकाच दिवशी उघडायचो, आणि कंदिलाची दोरी मात्र एक. एका पेवाकडून दुसऱ्याकडं धावाधाव व्हायची. मला एक झकास कल्पना सुचली. मी कोयता घेतला आणि दोरीचे दोन सारखे तुकडे केले. दोन दोऱ्या, दोन कंदील! आप्पा खूश झाले. "डोकं हाय पोराला," म्हणाले. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अंगठा मुठीत, हनुवटी वर. मी म्हणालो, "आवडली ना कल्पना? आवडणारच!" आणि पुढं गेलो.

भरलेल्या पेवात हळद वरपर्यंत असते, तिथं अर्धी दोरी पुरायची. त्यामुळं महिनाभर माझी हुशारी बिनबोभाट चालली.

मग मुंबईचं एक बडं गिऱ्हाईक आलं. त्याला जुनी, मुरलेली हळद हवी होती, आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. तसलं एकच पेव होतं. गेल्या वर्षी त्यातली बरीचशी हळद काढून तोंड पुन्हा बंद केलं होतं. ते सकाळी घाईनं उघडलं. जेमतेम तीन तास झाले असतील. गिऱ्हाईक सारखं घड्याळ बघत होतं. आप्पा माझ्या कानात म्हणाले, "हा सौदा झाला तर आजच मुकादमाचंबी ठरवून टाकू. त्यालाबी सांग."

मी सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली.

मी कंदील खाली सोडला. दोरी संपेपर्यंत सोडला. खाली अंधारात पिवळा ठिपका नीट जळत होता. "जळतोय!" मी ओरडलो. गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसलं. "दिवाणजी, तुम्ही कधी खाली उतरता की नुसते वरून ओरडता?"

झालं. मी कोट काढला. धोतर खोचलं. म्हणालो, "आज नमुना मीच आणतो."

तो पुढं आला. अंगठा मुठीत. हनुवटी वर. मी सवयीप्रमाणं आप्पांकडं वळून म्हणालो, "तो म्हणतोय, काही हरकत नाही."

तेव्हा तो पेवाच्या तोंडावर बसला. दोन्ही पाय पसरून, मधोमध.

"उठ रं," आप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक उभं हाय."

तो उठला नाही. त्याचे ओठ हलत होते. गिऱ्हाइकानं घड्याळ काढलं. "आप्पासाहेब, माझी गाडी सुटेल."

"उठतोस का न्हाई?" आप्पांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "पायजे न्हवं तुला मुकादमकी? अशानं मिळंल व्हय?"

त्याला ते ऐकू आलं. त्याचे डोळे क्षणभर आप्पांवर गेले, मग पुन्हा माझ्या हातातल्या दोरीवर आले. टोळीतली माणसं गोळा झाली. एकानं त्याच्या दंडाला धरून उठवायला बघितलं, तर तो आणखी जड झाला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ज्या तोंडाकडं कुणी बघू नये असं त्याला वाटायचं त्या तोंडाकडं वीस माणसं बघत असताना, तो आपल्या शब्दाशी झुंजत राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला तरी तो वेळ लढाईपेक्षा मोठा वाटला.

"दोरी... ताठ... हाय."

कुणाला काही कळलं नाही. त्यानं पुन्हा दम घेतला.

"दिवा... टेकला... न्हाई."

मी हातातल्या दोरीकडं बघितलं. कंदील हळदीवर टेकला असता, तर दोरी सैल पडली असती. ती तारेसारखी ताठ होती. कंदील अध्येमध्येच लोंबकळत, चांगल्या हवेत मजेत जळत होता, माझ्यासारखाच.

त्यानं दुसऱ्या पेवावरची दोरी आणवली, माझ्या दोरीला गाठ मारली आणि कंदील पुढं सोडला. एक हात. दोन हात. ठिपका बारीक झाला. मग निळसर झाला. मग दिसेनासा झाला.

मी खोचलेलं धोतर सोडलं. कोट घातला. बटणं उलटसुलट लागली, ते कुणी सांगितलं नाही आणि मला दिसलं नाही. गिऱ्हाईक त्या दिवशी गाडीनं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पेवाला नीट हवा लागल्यावर तोच उतरला आणि त्यानं नमुना आणला. खालून त्यानं मला काय काय शिव्या घातल्या, त्या मी एकही शब्द न गाळता ऐकल्या. तो माझा हक्कच होता.

मुकादमकीचं मात्र आप्पा काहीच बोलले नाहीत. पुढच्या सकाळी सगळी टोळी दुकानासमोर उभी होती. आप्पा पायरीवर आले, त्याच्याकडं बघून म्हणाले, "काय रं, आज कंचं पेव उघडायचं?"

त्यानं अंगठा मुठीत धरला. एक गाडीवान मदतीला धावून मधेच बोलायला लागला. आप्पांनी त्याच्याकडं न बघता नुसता हात वर केला. गाडीवान गप्प. टोळी गप्प. मी गप्प, म्हणजे बघा! बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. उत्तर यायला लागला तेवढा वेळ लागला. ते आलं, आणि आप्पा "बरं" म्हणून आत गेले.

असा तो मुकादम झाला. त्याचं अडणं कधीच गेलं नाही. पण आप्पांच्या हळदीवरचा माणूस म्हणून त्याचं नाव पेठेत झालं. दुसरे व्यापारीही पेव उघडायचं असलं की आधी त्याला बोलावून न्यायचे. टोळीतली माणसं त्याला दादा म्हणायला लागली. गाडीवाले वाद घालायला यायचे आणि त्याचं पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत त्यांचा निम्मा राग उतरलेला असायचा. अख्ख्या हयातीत त्याच्या टोळीतला एकही माणूस पेवात दगावला नाही. हे मी अभिमानानं सांगतो, कारण त्या हिशेबात मीही धरलेला आहे.

मी पुढं साताऱ्याला शाळेत लागलो. भूगोल शिकवायला. वक्तृत्वाचं मी कुणाला बोललो नाही.

काही वर्षांनी आप्पांच्या घरच्या लग्नाला सांगलीला गेलो, तेव्हा सकाळीच चालत हरिपूर गाठलं. तो नव्हता. दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं चार दिवसांत गेला, असं कळलं. मला कुणी कळवलं नव्हतं. का कळवावं? मी कोण, एक दिवाणजी.

एक पेव उघडलेलं होतं. नवा मुकादम पंचविशीतला, बोलण्यात नुसती मेलगाडी. दहा मिनिटांत त्यानं मला सगळ्या गावाची हकीकत सांगितली. मग कंदील खाली गेला. टेकला. दोरी सैल पडली. दिवा जळत होता. गडी दोर कमरेला बांधून तयार होता. सगळे मुकादमाकडं बघू लागले.

आणि मुकादम गप्प उभा राहिला.

दोर धरलेले गप्प. उतरणारा गप्प. मुकादमाची नजर दोरीवरून, गाठीवरून, दिव्यावरून, गड्याच्या कमरेवरून सावकाश फिरत होती. मला वाटलं, ह्याला हुकूम आठवेना की काय. मी आपला मदतीला "उत..." एवढं म्हणालो, तोच शेजारच्या एका जुन्या गड्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं मुकादम म्हणाला, "उतरा."

गडी उतरल्यावर मी त्याला विचारलं, "सगळं ठीक होतं, मग एवढा का थांबलास?"

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"आवं," तो म्हणाला, "हितं 'उतरा' म्हनाय एवढाच येळ लागतो."